पथ्याच्या वाटेवरचे उरुळी कांचन

पुण्याहून सोलापूर रस्त्याने पूर्वेकडे निघालात, की हडपसरची गर्दी सुटायला बराच वेळ लागतो. मांजरी मागे पडते, लोणी काळभोरचे तेलाचे डेपो आणि रस्त्याकडेला ओळीने उभे असलेले टँकर येतात, आणि मग कुठे मुठेच्या कालव्यावर पोसलेला ऊस दिसू लागतो. उरुळी कांचन पुण्यापासून जेमतेम तीस किलोमीटर. रेल्वेनेही जाता येते. पुणे–दौंड मार्गावर उरुळी हे स्थानक आहे. मात्र रस्त्याने जाणाऱ्यांनी लोणीच्या पुढे लागणाऱ्या थेऊर फाट्याला डावीकडे वळावे, असे मी आग्रहाने सांगेन.

थेऊरला आपण सहसा अष्टविनायकांपैकी चिंतामणीच्या दर्शनाला जातो. पण आज ज्या कारणासाठी आपण निघालो आहोत, त्या कारणानेही हे गाव वाटेत येणे योग्यच आहे. थोरले माधवराव पेशवे राजयक्ष्म्याने खंगत असताना येथेच येऊन राहिले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, येथेच निवर्तले. नदीकाठी रमाबाईंचे स्मारक आहे. मराठी राज्यातील उत्तमोत्तम वैद्य ज्याच्या हाकेला धावून येत, त्या पुरुषाला अखेर देवाचे सान्निध्य, नदीची हवा आणि आपल्या माणसांचा सहवास याच गोष्टी जवळ कराव्याशा वाटल्या. त्यांनी क्षय हटला नाही. हटणे शक्यही नव्हते. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध यायला पुढे पावणेदोनशे वर्षे लागायची होती. तरीही देवळाच्या सभामंडपात टेकून बसलेल्या कुठल्याही आजारी माणसाकडे पाहावे. रोग बरा होणे आणि माणसाला बरे वाटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची गरज असते, हे त्याच्या चेहऱ्यावर वाचता येते.

वाचकहो, ज्यांच्या घरी मधुमेह, रक्तदाब, संधिवात, दमा यांपैकी एखादा पाहुणा कायमचा मुक्कामाला आला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. म्हणजे बहुधा आपणा सर्वांसाठीच. अशा दुखण्याला आपल्याकडे ‘जुनाट’ म्हणतात. तापासारखे ते येऊन जात नाही. त्याच्यासह स्वयंपाक करावा लागतो, लग्नकार्ये उरकावी लागतात, प्रवास करावा लागतो. वर्षातून चार वेळा डॉक्टरांची भेट होते असे धरले आणि प्रत्येक भेट पंधरा मिनिटांची मानली, तर वर्षाकाठी तो एक तास झाला. उरलेले सारे तास रोगी आणि त्याचे घर यांच्या हाती असतात. त्या तासांत काय करायचे हे शिकवणारा कोणी हवा, एवढीच हल्ली ज्याला ‘सर्वांगीण आरोग्य मार्गदर्शन’ म्हणतात त्यामागची साधी कल्पना आहे. तिचा गाजावाजा नवा असला तरी उरुळीच्या मातीत ती १९४६ सालापासून रुजलेली आहे.

गांधीजी निसर्गोपचाराकडे वळले ते तरुणपणी, दक्षिण आफ्रिकेत. लायप्झिगच्या लुई कुने यांचे कटिस्नान आणि घर्षणस्नान, अ‍ॅडॉल्फ जुस्ट यांचे मातीचे उपचार, हे सारे त्यांनी पुस्तकांतून वाचले आणि प्रथम स्वतःवर करून पाहिले. पुढे पुण्यात ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. तेथे ते राहत असत. ती वास्तू आज ‘बापू भवन’ म्हणून ओळखली जाते आणि राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थान तेथेच आहे. त्याच केंद्रात गरिबांवर उपचार करावेत, असा त्यांचा मूळ बेत होता. पण शहरातले केंद्र खेड्यातल्या गरिबाच्या उपयोगी पडणार नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले, आणि २२ मार्च १९४६ रोजी ते उरुळीला उतरले. दिल्लीत ब्रिटिश मंत्र्यांचे शिष्टमंडळ स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी येत होते, साऱ्या देशाचे डोळे तिकडे लागले होते, आणि हा वृद्ध मनुष्य एका खेड्यात रोग्यांना आहार सांगत बसला होता. पहिल्याच दिवशी सुमारे तीस रोगी जमले. दूध, ताक, फळांचा रस, भरपूर पाणी, सूर्यस्नान, कटिस्नान आणि रामनाम, असा बहुतेकांना मिळताजुळता उपचार सांगितला गेला. ३० मार्चला ते निघाले. गावकऱ्यांनी जमीन दिली होती. आश्रम उभा राहिला.

गांधीजी तेथे राहिले ते जेमतेम आठवडाभर. राहून गेले ते इतर. सुरत जिल्ह्यातून आलेले, तेव्हा सव्वीस वर्षांचेही न झालेले मणिभाई देसाई यांनी आपले आयुष्य या गावाला दिले. त्यांना लवकरच दिसले की रोग्याला दूध प्या म्हणून सांगण्यापूर्वी गावात दूध असावे लागते. गोपालन, शेती, शिक्षण असे करत करत १९६७ मध्ये त्यांनी स्थापन केलेली ‘बाएफ’ ही संस्था आज देशभरातील पशुपालकांना ठाऊक आहे. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निसर्गोपचारापासून निघालेला माणूस गाईंच्या वाणापर्यंत पोहोचतो, हे मला या स्थळाचे सर्वांत मोठे शहाणपण वाटते. ताटातले पथ्य शेतात सुरू होते, हे ज्याला उमगले त्याने आरोग्याचे मार्गदर्शन अर्धे साधले. दुसरे होते विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे. स्वतः क्षयातून गेलेला हा मनुष्य येथे अनेक वर्षे रोग्यांमध्ये राहिला. रोग अंगावर काढलेल्या माणसाचे बोलणे रोग्याला निराळे लागते. त्या मुद्द्याकडे मी पुढे येणार आहे.

आता आश्रमाच्या आवारात शिरा. झाडी, शांतता, पांढऱ्या कपड्यांतील मंद पावलांची माणसे. अशा ठिकाणचा दिवस पहाटे सुरू होतो: प्रार्थना, योगासने, पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, बाष्पस्नान, मालीश, मोजका आहार, दुपारी विश्रांती, संध्याकाळी फिरणे, लवकर झोप. नव्याने आलेल्या माणसाला पहिले दोन दिवस जड जातात. चहा नसतो, डोके दुखते. बिनमिठाची उकडलेली भाजी घशाखाली उतरत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुधी भोपळ्याला स्वतःची चव आहे, हा शोध लागतो.

मातीच्या पट्टीने मधुमेह बरा होतो, असे म्हणायला मी धजणार नाही, आणि कोणी तसे सांगितल्यास आपणही मान डोलावू नये. येथे घडते ते असे: पंधरा दिवस मीठ, साखर आणि तेल कमी जाते, चालणे वाढते, झोप पुरी होते, मनावरचा ताण उतरतो. रक्तदाब आणि रक्तातील साखर उतरायला एवढे पुरेसे असते. माती आणि पाणी त्यात भर घालतात ती आरामाची. तोही काही कमी मोलाचा नाही. खुद्द गांधीजींचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. त्यांच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केलेल्या आरोग्यविषयक नोंदींत फेब्रुवारी १९४० मधला त्यांचा रक्तदाब २२०/११० असा आहे. आयुष्यभर मिताहार करणाऱ्या, मैलोगणती चालणाऱ्या माणसाचा हा आकडा! तेव्हा पथ्य पाळूनही ज्यांचा रक्तदाब चढतो त्यांनी स्वतःला अपराधी समजू नये. शिवाय जानेवारी १९२४ मध्ये, येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांचे आंत्रपुच्छ सुजले, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. निसर्गोपचाराचा एवढा कैवारी, पण वेळ आली तेव्हा त्याने सुरीला नकार दिला नाही.

म्हणून निघण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलावे आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असताना उपवास किंवा रसाहार केला, तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळलेपणा जाणवताच साखर तोंडात टाकायची. त्या क्षणी पथ्य आड येऊ देऊ नये. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यांनी ते एक दिवसही बंद करू नये. मूत्रपिंड दुबळे असलेल्यांना फळांचा रस आणि शहाळे यांतील पोटॅशियम घातक ठरू शकते. रक्त पातळ करणारे वॉरफरीन घेणाऱ्यांनी अचानक पालेभाज्यांच्या रसाचा सपाटा लावू नये. त्या औषधाचा परिणाम बिघडतो. आणखी एक गोष्ट, जी फारशी कोणी सांगत नाही: जुन्या मधुमेहात तळपायांची संवेदना हरपते, म्हणून गरम पादस्नानाच्या पाण्यात पाय घालण्यापूर्वी दुसऱ्याने त्यात हात घालून पाहावे. भाजलेले त्याला कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने चिघळते.

‘पथ्य’ हा शब्द आपण बंधनाच्या अर्थाने वापरतो: पथ्य पाळणे, पथ्य मोडणे. मूळ शब्द आहे ‘पथ’, म्हणजे वाट. जे वाटेला धरून आहे ते पथ्य. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोगी हा तेथे उपचार करून घेणारा मातीचा गोळा नाही. तो चौथा पाय आहे. त्याच्या अंगी असावेत म्हणून जे गुण सांगितले, त्यांत एक ‘ज्ञापकत्व’ आहे: आपल्याला काय होते हे नीट सांगता येणे. सर्वांगीण आरोग्याचा चांगला मार्गदर्शक ओळखायचा कसा, असे कोणी विचारले तर मी एवढेच सांगेन की तो पहिल्या भेटीत किती बोलला ते पाहू नका. त्याने रोग्याला किती बोलू दिले ते पाहा. आणि ‘औषधे बंद करा’ म्हणणारा किंवा स्वतःचीच चूर्णे विकणारा मार्गदर्शक भेटला, तर नमस्कार करून उठावे.

बाकावर बसलेल्या माणसांशी बोलत राहणे हा अशा स्थळांचा न सांगितलेला उपचार आहे. माझ्या मागच्या मुक्कामात इंदापूरकडच्या एका शेतकरी घरातल्या बाई भेटल्या. पन्नाशी उलटलेली, बारा वर्षांचा मधुमेह, गुडघे धरलेले. येताना साखर फार चढलेली होती, ती बरीच खाली आली होती. मी म्हटले, “माती मानवली म्हणायची.” त्या हसल्या. “मातीचं मला काय कळतंय, ताई? पण पंधरा दिवस झाले, कुणी मला चहा मागितला नाही.”

हे वाक्य आपण घरी नेऊन जेवणाच्या वेळी सर्वांना ऐकवावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या घरांतील रोगी स्त्री सर्वांत शेवटी जेवते. सर्वांना वाढून झाल्यावर, उरले असेल ते, थंड झालेले. दोन जेवणांतील अंतर तिच्या औषधाच्या वेळेशी कधी जुळत नाही. तिच्यासाठी वेगळी भाजी करायची तर तीही तिनेच करायची. मग ‘कशाला घोळ’ म्हणून ती नेहमीचीच खाते. घरातल्या पुरुषाला पथ्य लागले की सारा स्वयंपाक बदलतो, बाईला लागले की तिचे मन बदलावे अशी अपेक्षा असते. चरकाचा तिसरा पाद, परिचारक, आपल्या घरात कोण आहे, हा प्रश्न म्हणूनच आश्रमाच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वी विचारायचा असतो.

कारण खरी परीक्षा बाहेर आहे. ‘एचबीए१सी’ ही रक्ततपासणी मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगते. पंधरा दिवसांच्या आश्रमवासाने ती थोडी हलेल. तिचा बहुतांश निकाल घरचे अडीच महिने लावणार आहेत. त्या महिन्यांत काय टिकते? उकडलेली बेचव भाजी टिकत नाही, हे निश्चित. टिकते ते लहानसहान. मराठी ताटाची डावी बाजू आठवा: मीठ, लोणचे, चटणी, पापड. दिवसाला एकूण पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराहूनही कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपली डावी बाजू त्यातला मोठा वाटा एकटीच उचलते. तेथे लिंबाची फोड आणि कच्ची कोशिंबीर राहू द्या, बाकीचे सणावारी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. जेवणानंतर चढणारी साखर त्याने बऱ्यापैकी आवरते. रक्तदाब घरी मोजायचा तर पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून मोजावा. जिना चढून आल्याबरोबर नव्हे.

आणि ठरवायचे कसे, याची एक रीत मला फार उपयोगी वाटते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी प्रथम संधिवाताच्या आणि पुढे सर्वच जुनाट आजारांच्या रोग्यांसाठी एक अभ्यासक्रम घडवला: सहा आठवडे, आठवड्यातून एकदा अडीच तास, आणि शिकवणाऱ्या दोघांपैकी किमान एक जण स्वतः अशा आजारासह जगणारा. बाळकोबांची आठवण मला होते ती इथे. त्या वर्गात दर आठवड्याला प्रत्येकाने एकच लहान संकल्प सोडायचा. ‘व्यायाम करीन’ असा नव्हे. काय, किती, केव्हा, आठवड्यातून कितीदा, हे सारे त्यात यायला हवे. मग स्वतःला विचारायचे: हे माझ्याकडून होईल याची खात्री शून्य ते दहामध्ये किती? सातच्या खाली उत्तर आले तर संकल्प मोडीत काढायचा नाही. अडचण कोणती ते शोधून तो बदलायचा. आपल्याकडचे बहुतेक संकल्प गुढीपाडव्याला दहापैकी दहाच्या खात्रीने सुरू होतात आणि रामनवमीपर्यंत विरतात. त्यांना ही सातची चाळणी लावून पाहावी.

आपणास जायचे असल्यास पावसाळ्याच्या तोंडी, पालखीचे दिवस सोडून जावे. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला जाताना याच रस्त्याने पुढे सरकते आणि त्या दिवशी वाहनाने येथे पोहोचणे कठीण असते. पायी पोहोचायचे असेल तर अर्थात त्याहून चांगला दिवस नाही. दहा-पंधरा दिवसांची सवड काढूनच जावे. शनिवार-रविवारची सहल म्हणून येथे काही हाती लागत नाही. राहण्याची सोय आधी विचारून, ठरवून घ्यावी. बरोबर घरातले एक माणूस निदान शेवटच्या दिवशी तरी बोलवावे, आणि ते माणूस स्वयंपाकघरात ज्याचा शब्द चालतो असे असावे.

इंदापूरच्या त्या बाईंना न्यायला त्यांचा धाकटा मुलगा आला होता. निघायच्या आधी आम्ही बाकावर बसून त्यांचा संकल्प एका कागदावर लिहिला: सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळचे जेवण झाले की मारुतीच्या देवळापर्यंत आणि परत. दहापैकी किती, असे विचारले तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, “दहा.” मग मुलाकडे पाहून थोडे थांबल्या आणि म्हणाल्या, “पाच लिव्हा.” पाचाचे सात कशाने होतील, असे मी विचारले.

“संध्याकाळची धार कुणी काढली तर आटपंल लवकर.”

मुलगा मोबाइलमधून डोके वर न काढता म्हणाला, “काढतो की मी.”

“शुक्रवारी बाजार असतो तुझा.”

“मग सोमवार, बुधवार काढतो. शुक्रवारचं दादाला सांगू.”

बाईंनी माझ्या हातातले पेन घेतले, पाचावर काट मारली आणि शेजारी सहा लिहिले. दादाशी बोलल्याशिवाय सात लिहिणार नाही म्हणाल्या.